अश्वगंधेच्या पानांवरचा करपा: डाग ओळखण्यापासून बी राखण्यापर्यंत

अश्वगंधा दीड-दोन महिन्यांची झाली, पाऊस ओसरला आणि सकाळी पानांवर दव साचू लागले, की जमिनीलगतच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसतात. अशा वेळी बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक चूक होते. ‘खालची पाने आहेत, गळणारच’ म्हणून कुणी दुर्लक्ष करते. कुणी दुकानात जाऊन ‘ठिपक्यांवर काहीतरी द्या’ म्हणून सांगते आणि मिळेल ते मारते. पहिल्या चुकीने पाने जातात आणि मुळी पोसत नाही. दुसऱ्या चुकीने पैसे तर जातातच, पण ज्या मुळीचे चूर्ण माणसाच्या पोटात जायचे आहे तिच्यात बुरशीनाशकाचा अंश राहण्याचा धोकाही येतो. कपाशीवर किंवा टोमॅटोवर जे चालते ते इथे जसेच्या तसे चालत नाही. औषधी पिकात फवारणी हा शेवटचा उपाय आहे. खरे काम पेरणीआधी आणि डाग पहिल्यांदा दिसतो त्या आठवड्यात करायचे असते.

हा रोग अल्टरनेरिया अल्टरनेटा या बुरशीमुळे होतो. भारतात अश्वगंधेच्या पानांवर सर्वाधिक आढळणारा रोग हाच. शेतकरी याला करपा म्हणतात, कुठे पानांवरचे ठिपके म्हणतात. पाने गेली की मुळीत अन्न साठवायला कारखानाच उरत नाही, हे उघड आहे. पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. ज्या घटकांमुळे अश्वगंधेला औषधी मोल आहे त्या विथॅनोलाइडचे प्रमाणही रोगट पानांत बिघडते.

डाग जवळून पाहा

सुरुवात नेहमी सर्वात जुन्या, खालच्या पानांवर होते. आधी टाचणीच्या डोक्याएवढे फिकट तपकिरी ठिपके येतात. तीन-चार दिवसांत ते गडद होतात आणि भोवती पिवळसर कडा धरतात. पुढे डागाला ठराविक आकार राहत नाही. तो शिरेपाशी अडतो, शेजारच्या डागाला जाऊन मिळतो, पानाच्या कडेने पसरतो. मोठ्या डागात एकात एक बसलेली वर्तुळे दिसतात, लाकडाच्या आडव्या कापावर वर्षांची कडी दिसतात तशी. ही वर्तुळे म्हणजे या रोगाची मुख्य खूण. नंतर डागाचा मधला भाग वाळून ठिसूळ होतो, गळून पडतो आणि पानाला भोक पडते. शेवटी सगळे पान पिवळे होऊन गळते आणि रोग एक मजला वर चढतो.

अश्वगंधेच्या पानावर राखाडी-पांढरी बारीक लव असते. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पाहताना फसगत होते. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि पान उन्हाकडे तिरपे धरा. लव सगळ्या पानभर सारखी दिसेल. बुरशीची वाढ मात्र फक्त डागावर, वर्तुळांच्या रेषेत, मखमलीसारखी आणि काळपट-हिरवट दिसेल. कोरड्या हवेत ती दिसत नाही, आणि मग ‘बुरशी नाहीच’ असा निष्कर्ष काढला जातो.

म्हणून घरीच एक चाचणी करा. झाकणाचा स्वच्छ प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला साधा पांढरा कागद किंवा टिपकागद चार पदरी घालून उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवा. पाणी साचून राहू देऊ नका. ताज्या डागांची चार-पाच पाने आणा, वाहत्या पाण्याखाली धुवा, वरचे पाणी टिपून घ्या आणि दोन काड्यांवर अधांतरी ठेवा. पान कागदाला टेकले तर ते कुजते आणि कुजण्याच्या बुरश्या वर येतात. चाचणी तिथेच फसते. झाकण लावून डबा घरातल्या सावलीत ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डागावर काळपट-हिरवी मखमल उमटली तर अल्टरनेरियाचा संशय पक्का होतो. पांढरा कापूस सगळ्या पानभर वाढला तर ती बहुधा कुजण्याची बुरशी असते. तिच्यावरून निदान करू नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात सूक्ष्मदर्शक असेल तर हेच पान तिथे न्या. अल्टरनेरियाचे बीजाणू, म्हणजे बुरशीचे सूक्ष्म बी, चटकन ओळखता येतात: गदेसारखा आकार, एका टोकाला निमुळते, आत आडवे आणि उभे असे दोन्ही पडदे, आणि बऱ्याचदा एकापुढे एक साखळीत लागलेले.

दुसरी चाचणी याहून सोपी आहे, तरी फार थोडे लोक ती करतात. दहा रोपांवरच्या एकेका डागाभोवती बॉलपेनने बारीक रेघ काढा आणि रोपाला दोरा बांधा. तीन दिवसांनी परत पाहा. डाग रेघेबाहेर गेला असेल तर रोग जिवंत आहे आणि पसरतो आहे. सगळे डाग रेघेच्या आत तसेच असतील तर हवामानाने तो थांबला आहे किंवा ते डाग बुरशीचे नव्हतेच. फवारायचे की थांबायचे, हे ठरवायला ही पेनाची रेघ फार कामी येते.

करपा नसलेला ‘करपा’

हड्डा भुंगा म्हणजे एपिलाक्ना हा अश्वगंधेवरचा नेहमीचा कीटक. तांबूस, अर्ध्या वाटाण्यासारखा, पाठीवर काळे ठिपके; त्याची अळी पिवळी आणि काटेरी असते. ती पानाचा हिरवा भाग खरवडते आणि शिरांची जाळी ठेवते. जाळी वाळली की लांबून करपल्यासारखी दिसते. पान उलटून पाहिले तर अळी, अंडी किंवा तिची विष्ठा सापडते. बुरशीनाशकाचा इथे काडीचा उपयोग नाही.

लाल कोळी असेल तर पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट बारीक ठिपके येतात, खालच्या बाजूला बारीक जाळे असते आणि पान पांढऱ्या कागदावर झटकले की तांबडे कण चालताना दिसतात. भुरी असेल तर पांढरी पूड बोटाला लागते. वरून पिवळा, अस्पष्ट कडांचा पट्टा आणि त्याच्या बरोबर खाली काजळीसारखी वाढ असेल तर ती सर्कोस्पोरा गटातली बुरशी. तिच्या डागात वर्तुळे नसतात. बंदोबस्त मात्र बराचसा सारखाच आहे.

फवारणीने भाजलेली पाने वेगळी ओळखता येतात. सगळे डाग एकाच दिवशी येतात, पानाच्या टोकाला आणि कडेला जिथे थेंब साचतो तिथे असतात आणि नंतर वाढत नाहीत. पाने पट्ट्यासारखी अरुंद, वळलेली, पेळूसारखी झाली तर विषाणूचा संशय घेण्याआधी पंप आठवा. तणनाशक मारलेला पंप नीट न धुता वापरला असेल तर अश्वगंधा तसाच चेहरा दाखवते. टोमॅटो-वांग्याच्या कुळातली असल्याने ती २,४-डी या तणनाशकाला फार नाजूक आहे.

आणखी एक गोष्ट: पेरणीला १५० दिवस होऊन गेले, फळे तांबडी-नारिंगी झाली आणि पाने खालून पिवळी पडू लागली, तर पीक काढणीला आले आहे. त्याला रोग समजून फवारणी करणे म्हणजे काढणीच्या तोंडावर मुळीत नको ते घालणे.

ही बुरशी राहते कुठे आणि चढते केव्हा

अल्टरनेरिया तीन वाटांनी शेतात येते: गेल्या हंगामातल्या पानाकाडीच्या कचऱ्यातून, बियाण्याबरोबर आणि वाऱ्याने. कोरड्या कचऱ्यात ती महिनोन्‌महिने तग धरते. पहिल्या पावसात चिखलाचा शिंतोडा खालच्या पानावर उडतो, म्हणूनच रोगाची सुरुवात खालून होते.

बीजाणू रुजायला पानावर पाणी लागते. नुसती दमट हवा पुरत नाही. पान सलग आठ-दहा तास ओले राहिले आणि तापमान साधारण २० ते २८ अंशांच्या दरम्यान असले, की लागण होते. डाग दिसायला पुढे चार ते सात दिवस लागतात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: आज दिसणारा डाग आठवडाभरापूर्वीच्या ओल्या रात्रीचा आहे. रिमझिम पाऊस, ढगाळ दिवस, धुके, दव, किंवा संध्याकाळी लावलेले तुषार सिंचन यांपैकी काहीही ती ओली रात्र पुरवते. दाट पिकात पान उशिरा वाळते. दोन रोपांच्या पानांची गुंफण झाली असेल तर उघड्या शेतात सकाळी नऊला वाळणारे दव तिथे अकरापर्यंत टिकते.

जुने आणि उपाशी पान लवकर बळी पडते. त्यामुळे नत्राची टंचाई असलेल्या हलक्या जमिनीत करपा जास्त दिसतो. पण म्हणून युरिया फेकला तर पीक लुसलुशीत, दाट होते आणि ओल धरून ठेवते. अश्वगंधेची गरज मुळात कमी आहे. एकरी ४ टन चांगले कुजलेले शेणखत आणि जमीन फारच कमकुवत असेल तर सुमारे ६ किलो नत्र व ६ किलो स्फुरद एवढ्यात भागते.

पेरणीआधीचे काम

खरी लढाई इथे जिंकता येते, म्हणून यावर वेळ घालवा.

जमीन निवडताना आधीचे पीक पाहा. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांच्यामागे अश्वगंधा घेऊ नका. अल्टरनेरियाच्या जातभाई त्या कचऱ्यात असतातच, शिवाय मररोगाच्या बुरश्या आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही तिथे ठाण मांडून असतात. गाठी आलेल्या मुळीला बाजारात किंमत नाही. ज्वारी, बाजरी, मूग, उडीद यांच्यानंतर अश्वगंधा चांगली येते. त्याच शेतात ती पुन्हा घेण्याआधी दोन वर्षे तरी जाऊ द्या. फेरपालटाने ही बुरशी पूर्ण संपत नाही, कारण ती अनेक वनस्पतींच्या मेलेल्या पानांवर जगते. पण सुरुवातीचा जोर मोडतो आणि तेवढे बऱ्याच वेळा पुरते.

उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यात, खोल नांगरट करून कचरा गाडा आणि जमीन तापू द्या. बांधावरच्या रानटी अश्वगंधेच्या आणि काटेरिंगणीच्या झुडपांवरही नजर ठेवा. तिथे डाग दिसले तर ती उपटून टाका.

पेरणीची वेळ चुकली तर पुढचे सगळे अवघड होते. जूनच्या पहिल्या पावसावर पेरलेली अश्वगंधा पूर्ण पावसाळा अंगावर घेते: आधी रोपमर, मग करपा. मुख्य पाऊस होऊन गेल्यावर, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, वाफसा पाहून पेरा. मध्य प्रदेशातला मंदसौर-नीमचचा पट्टा, जिथे हे पीक सर्वात जास्त होते, तिथेही ओसरत्या पावसावर पेरायची रीत आहे. पाणी साचणारी काळी भारी जमीन टाळा. तीच असेल तर सपाट वाफ्याऐवजी वरंब्यावर पेरा.

फेकून पेरायला एकरी ४ ते ५ किलो बी लागते, ओळीत पेरायला सुमारे २ किलो. ओळीतच पेरा. बचत बियाण्याची आहेच, पण त्याहून मोठा फायदा हवेचा. दोन ओळींत २५ ते ३० सेंमी अंतर ठेवा आणि शक्य असेल तर ओळी वाऱ्याच्या दिशेने काढा. बी अगदी बारीक आणि चपटे असते. चार-पाच पट बारीक वाळूत मिसळले की सारखे पडते. एक-दीड सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नका. २५ ते ३० दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत ८ ते १० सेंमी ठेवा. ‘एवढी चांगली रोपे कशाला उपटायची’ म्हणून विरळणी टाळली की नोव्हेंबरात तीच गर्दी करप्याला आश्रय देते. विरळणीत आधी रोगट आणि खुरटी रोपे काढा.

बीजप्रक्रिया

बी आधी पाखडा. पोचट, काळपट, सुरकुतलेले दाणे बाजूला काढा. रोगाचा अंश त्यांच्यावरच जास्त असतो. मग दोनपैकी एक वाट धरा. रासायनिक वाट म्हणजे किलोमागे ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक. जैविक वाट म्हणजे किलोमागे ५ ते १० ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी. दोन्ही एकत्र करू नका, कारण थायरमने ट्रायकोडर्माही मरतो. सेंद्रिय प्रमाणपत्राचे शेत असेल तर दुसरीच वाट.

ट्रायकोडर्मा लावताना गुळाचे पातळ पाणी शिंपडून बी नुसते ओलसर करा, चिखल करू नका. भुकटी टाकून हलक्या हाताने चोळा, सावलीत पातळ पसरा आणि त्याच दिवशी पेरा. भुकटीच्या पाकिटावरची मुदत पाहून घ्या. हा जिवंत माल आहे. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळा काढलेले पाकीट मुदतीत असले तरी मेलेले असू शकते.

जमिनीसाठी एकरी २ ते २.५ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, एवढी ओल ठेवा. ढीग झाडाच्या सावलीत ओल्या पोत्याने झाका, चार-पाच दिवसांनी उलथा. दहा-पंधरा दिवसांत हिरवट-पांढरी वाढ दिसली की शेवटच्या कुळवणीत मातीत मिसळा. शेणखत कच्चे असेल तर ढीग तापतो आणि ट्रायकोडर्मा टिकत नाही.

इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. मातीत दिलेला ट्रायकोडर्मा रोपमर आणि मूळकूज यांवर काम करतो, बियाण्यावरच्या बुरशीला दाबतो. वाऱ्याने येऊन वरच्या पानावर बसणाऱ्या करप्याला तो थांबवत नाही. ‘ट्रायकोडर्मा दिला तरी ठिपके आले’ ही तक्रार यातूनच येते.

उभ्या पिकात: पाहणी आणि पहिली आठ दिवसांची कामे

पीक २५ दिवसांचे झाल्यापासून आठवड्यातून एकदा, आणि पाऊस-धुक्याच्या दिवसांत दोनदा, शेतातून नागमोडी फिरा. पाच जागी थांबा, प्रत्येक जागी दहा रोपे वाकून पाहा. उभ्याने दिसते ते वरचे निरोगी पान. रोग खाली असतो. सखल कोपरा, झाडाची सावली आणि पाण्याच्या पाटाची कड या तीन जागा कधीच सोडू नका.

पन्नासपैकी चार-पाच रोपांच्या तळच्या दोन-तीन पानांवरच डाग असतील तर फवारणीची गरज नाही. दव वाळल्यावर ती पाने खुडा आणि थेट पिशवीत टाका. ओल्या पिकात हात घातला तर हातांनीच बीजाणू पुढच्या रोपावर पोचतात. खुडलेली पाने बांधावर फेकू नका. अर्धा हात खोल खड्ड्यात पुरा. त्याच आठवड्यात खुरपणी करून तण काढा, म्हणजे बुंध्याशी वारा खेळेल.

पाणी द्यायचेच असेल तर सकाळी, सरीतून किंवा ठिबकने द्या. अश्वगंधा कमी पाण्याचे पीक आहे. जमिनीत ओल असताना दिलेले पाणी करपा आणि मूळकूज दोघांनाही बोलावते. तुषार संच हा एकच पर्याय असेल तर सकाळी आठ-नऊला सुरू करून दुपारपर्यंत पान वाळेल असे पाहा.

याच टप्प्यावर बॅसिलस सबटिलिस किंवा स्यूडोमोनास फ्लुरोसन्सची फवारणी उपयोगी पडते. भुकटी असेल तर लिटरला ५ ते १० ग्रॅम, ऊन उतरल्यावर, आठ-दहा दिवसांच्या अंतराने. हे जिवाणू पानाची जागा आधी अडवून धरतात. डाग मधल्या पानांपर्यंत चढल्यावर त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा धरू नका. आंबट ताक किंवा वनस्पतींचे अर्क यांच्यावरही वेगाने पसरणाऱ्या करप्यात विसंबू नका. प्रत्येक वेळी त्यांची ताकद वेगळी निघते आणि त्या प्रयोगात हातचा आठवडा जातो.

बुरशीनाशक मारायचेच झाले तर

मारायचे केव्हा? पेनाच्या रेघेबाहेर डाग जात आहेत, निम्म्याहून अधिक रोपांवर लागण आहे, मधल्या पानांवर नवे ठिपके आहेत आणि पुढचे चार-पाच दिवस ढगाळ किंवा पावसाचे आहेत. हे सगळे जुळले, आणि पीक तीन-साडेतीन महिन्यांच्या आत असेल, तर मारा. हवा कोरडी होत असेल तर थांबा. कोवळी पाने बहुधा स्वच्छ निघतात.

त्याआधी एक गोष्ट करा. मॅन्कोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड (ताम्रयुक्त) या बुरशीनाशकांच्या लेबलवर बटाटा, मिरची अशी पिके छापलेली असतात; अश्वगंधेचे नाव शोधून सापडणे कठीण. म्हणून ज्याला माल द्यायचा आहे त्याला आणि कृषी विज्ञान केंद्राला विचारून घ्या. औषध कंपन्या मुळीतले कीडनाशकांचे अंश आणि जड धातू तपासतात; एका फवारणीपायी सगळा माल परत येऊ शकतो. माल युरोपात जाणार असेल तर मॅन्कोझेब टाळाच. युरोपीय संघाने त्याची मान्यता २०२० च्या अखेरीस काढून घेतली आहे. सेंद्रिय शेतीत ताम्रयुक्त औषधे मर्यादेत चालतात, पण प्रमाणीकरण संस्थेला आधी कळवावे लागते. तांबे जमिनीत साठत जाते हेही ध्यानात असू द्या.

परवानगीचा प्रश्न सुटला असेल तर मॅन्कोझेब ७५ टक्के लिटरला २.५ ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के लिटरला २.५ ते ३ ग्रॅम घ्या. १५ लिटरच्या पंपाला मॅन्कोझेबचे साडेसदतीस ग्रॅम होतात. ‘एक झाकण’ हे माप नव्हे. छोटा वजनकाटा वापरा. भुकटी आधी मगभर पाण्यात काडीने ढवळून लापशीसारखी करा, गाळून पंपात ओता, मग पाणी भरा. कोरडी भुकटी सरळ टाकीत टाकली तर ती तळाला बसते, नोझल तुंबते, आणि शेवटच्या ओळींना जहाल द्रावण मिळून पाने भाजतात. एकरी १५० ते २०० लिटर पाणी लागते.

नोझल पोकळ शंकूच्या फवाऱ्याचे घ्या आणि नळी बुंध्याकडून वर नेत पानांच्या खालच्या बाजूला पोचवा. वरून पाऊस पाडल्यासारखी फवारणी केली तर सर्वात निरोगी पानांना औषध मिळते आणि रोगट पाने कोरडी राहतात. लवेमुळे पानावर पाण्याचे गोळे होऊन ओघळत असतील तर लेबलवरच्या मात्रेत चिकटद्रव्य मिसळा. वेळ सकाळी दव वाळल्यानंतरची किंवा चारनंतरची. दवावर मारलेले औषध पातळ होऊन जमिनीवर उतरते. ताम्रयुक्त औषध गार, ढगाळ आणि ओल्या हवेत पाने भाजू शकते. आधी दहा रोपांवर मारून दोन दिवस पाहा. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, आणि वाऱ्याकडे पाठ.

ही दोन्ही स्पर्शजन्य औषधे आहेत. पानात शिरलेल्या बुरशीला ती मारत नाहीत, नव्या बीजाणूला रुजू देत नाहीत, एवढेच. त्यामुळे जुने डाग पुसले जाणार नाहीत. फवारणी लागू पडली का, हे आठ-दहा दिवसांनी नव्या पानांवरून ठरवा. ती स्वच्छ असतील तर काम झाले. गरज वाटली तरच १२ ते १५ दिवसांनी दुसरी, आणि तिथे थांबा. ताम्रयुक्त औषधानंतर आठवडाभर जिवाणूंची फवारणी करू नका, मरतात. वेगवेगळी आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरणारी, बुरशीनाशके एकत्र करून ‘कॉकटेल’ मारणे तर औषधी पिकात पूर्ण वर्ज्य समजा. त्यांतल्या स्ट्रॉबिल्युरिन गटाला अल्टरनेरियाने अनेक पिकांत दाद देणे सोडले आहे, आणि मुळीत अंश मात्र उरतो.

काढणीआधीच्या शेवटच्या दीड महिन्यात कोणतेही रासायनिक बुरशीनाशक नको.

पान स्वच्छ, तरी झाड माना टाकते

हा करपा नव्हे. रोप उपटा, बुंधा उभा चिरा. आतले लाकूड तपकिरी असेल आणि मुळीची साल सहज निघत असेल तर फ्युजॅरियमची मूळकूज. बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीसारखे तांबूस दाणे असतील तर स्क्लेरोशियम. पंचवीस दिवसांच्या आत रोपे जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली तर रोपमर. तिन्हींचे मूळ साचलेल्या पाण्यात असते. रोगट झाड भोवतीच्या मातीसकट काढा, चर काढून पाणी बाहेर घाला, आणि शेजारच्या रोपांच्या बुंध्याशी ट्रायकोडर्मा मिसळलेले शेणखत द्या. पानांवर काहीही मारून उपयोग नाही.

काढणी, कचरा आणि बी

१५० ते १८० दिवसांत मुळी खणल्यावर वरचा पाला शेतात पडू देऊ नका. करपा होता तो पाला वेगळ्या खड्ड्यात टाकून नीट तापणारे कंपोस्ट करा किंवा खोल पुरा. मुळी धुऊन, सात ते दहा सेंटिमीटरचे तुकडे करून, स्वच्छ ताडपत्रीवर पातळ वाळवा. तुकडा वाकवल्यावर कट्‌कन मोडला पाहिजे. वाकला तर अजून ओल आहे. ओलसर मुळी पोत्यात भरली की अस्परजिलस बुरशी चढते. तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेत मात्र सापडते.

पुढच्या वर्षीचे बी सरसकट गोळा करू नका. डिसेंबरातच शेतात फिरून ज्या रोपांची खालची पाने अजून हिरवी आणि स्वच्छ आहेत त्यांना रंगीत दोरा बांधा. त्यांचीच पूर्ण पिकलेली तांबडी फळे घ्या. डाग पडलेली, जमिनीला टेकलेली फळे वगळा. फळे पाण्यात चोळून गर धुऊन टाका, तळाला बसणारे पिवळसर बी ठेवा, तरंगणारे फेका. सावलीत आठवडाभर वाळवा आणि कापडी पिशवीत कोरड्या जागी टांगा. पिशवीवर शेताचे नाव, तारीख आणि त्या वर्षी करपा किती होता ते लिहून ठेवा.